दोघां पुरुषांच्या प्रेमाचें नाट्य आणि मराठी रसिक

नाटक संपतें, पडदा पडतो, प्रेक्षक आपापल्या वहाणा शोधूं लागतात, आणि तेथून पुढें त्या नाटकाचें खरें आयुष्य सुरू होतें. रात्रीं जें पाहिलें त्यांतील बहुतेक भाग सकाळपर्यंत विरून जातो; एखादी तान, एखादें थबकणें, अर्ध्यावर सोडलेलें एखादें वाक्य मात्र पन्नास वर्षें टिकतें. हें कां टिकतें, हा प्रश्न साहित्यशास्त्राचा खराच. परंतु तो इतिहासाचाहि आहे, कारण कोणत्या पिढीला काय विसरतां आलें नाहीं यावरून त्या पिढीला काय बोलतां येत नव्हतें याचा बराचसा अंदाज करितां येतो. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा एकच कोपरा घ्यावयाचा आहे. ज्या प्रेमकथेचे नायक दोन तरुण पुरुष आहेत अशी कथा मनांत घर कां करिते, आणि मराठी रसिकाला ही गोष्ट वाटते तितकी नवखी आहे काय, एवढेंच पाहावयाचें आहे.

निमित्त अर्थातच अलीकडच्या मालिकांचें. जपानांत १९७० नंतरच्या दशकांत मोतो हागिओ व केइको ताकेमिया यांसारख्या चित्रकथाकार स्त्रियांनीं मुलींच्या मासिकांतून तरुणांच्या परस्पर-प्रेमाच्या कथा रूढ केल्या. तें बीज पुढें चीन, कोरिया व थायलंड येथें रुजलें. ‘लव्ह सिक’ (२०१४), ‘सोटस’ (२०१६), ‘टुगेदर’ (२०२०) या थाई मालिका मोबाइलच्या पडद्यावरून जगभर पसरल्या. ‘बॉईज लव्ह’ या नांवानें आज हा एक स्वतंत्र कथाप्रकारच झाला आहे. आमच्या वयाच्या अध्यापकांनीं या प्रकाराकडे पाहून नाक मुरडावें हें ठरलेलेंच. पण नाक मुरडण्यापूर्वीं निदान एकदां पाहावें, इतकी विद्यार्थिदशा तरी आमच्यांत उरली असावी.

मला तें पाहावयास लावलें चारठाण्याच्या एका विद्यार्थ्यानें. चारठाणा हें परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्याचें गांव. यादवकालीन देवळांच्या अवशेषांसाठीं प्रसिद्ध. गोकुळेश्वराचें मंदिर, जागोजाग पडलेले कोरीव चिरे, आणि भोंवतालचें बरेंचसें नाहींसें झाल्यावरहि ताठ उभा असलेला एक उंच नक्षीदार स्तंभ, हें सारें पाहण्यासाठीं मीं त्या गांवीं एक दिवस घालविला. हा विद्यार्थी वाट दाखवीत होता. देवळें पाहून झाल्यावर बोलणें नाटकांवर आलें, नाटकांवरून मालिकांवर. तो म्हणाला, “सर, घर दोन खोल्यांचें. सगळे झोंपल्यावर मी आवाज बंद करून पाहत असें आणि खालचीं इंग्रजी अक्षरें वाचीत असें.” काय लक्षांत राहिलें असें विचारतां तो पुष्कळ वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “त्यांतल्या एकाची आई दुसऱ्याचें पान वाढते, कांहीं न विचारतां. तेवढेंच.”

हें उत्तर मला कोणत्याहि समीक्षेपेक्षां अधिक मोलाचें वाटलें. या मालिकांत आलिंगनें आहेत, चुंबनें आहेत, पावसांत भिजणें तर हटकून आहे. त्यांतलें या मुलाला कांहींच सांगावेसें वाटलें नाहीं. त्याच्या ध्यानीं राहिलें तें एक वाढलेलें पान.

आतां शास्त्राकडे वळूं. शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भेद आपल्या आलंकारिकांनीं केले, आणि विप्रलंभावांचून संभोगाला पुष्टि येत नाहीं हेंहि त्यांनींच सांगून ठेविलें. चौदाव्या शतकांतील विश्वनाथानें ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास व करुण असे चार प्रकार दिले आहेत. बहुधा दहाबारा भागांची, आठवड्यास एक या बेतानें दाखविली जाणारी ही थाई मालिका या दृष्टीनें तपासली तर ती जवळजवळ सबंध पूर्वरागच आहे असें दिसून येतें. सामान्य प्रेमकथेंत पूर्वराग लांबविण्यासाठीं लेखकाला अडचणी शोधून आणाव्या लागतात; श्रीमंत बाप आणावा लागतो, खलनायक आणावा लागतो, पत्र चुकीच्या हातीं पडावें लागतें. येथें अडचण आयती आहे. “माझें याच्यावर प्रेम आहे” हें दुसऱ्याला सांगण्याआधीं नायकाला तें स्वतःला सांगावें लागतें, आणि तेथेंच तीन भाग खर्ची पडतात. हा विलंब लेखकाच्या युक्तीचा नसून परिस्थितीचा असल्यामुळें प्रेक्षकाला तो खोटा वाटत नाहीं. शिवाय प्रेक्षकाला तें गुपित नायकाच्याहि आधीं कळलेलें असतें. गुपित जाणणारा माणूस तटस्थ राहूं शकत नाहीं; तो वाटेकरी होतो.

येथें कोणी शास्त्रीबोवा अडवतील. म्हणतील, हा रस नव्हे, हा रसाभास. रति अनुचित विषयाकडे वळली कीं रसाचा आभास होतो, हें खरें. पण त्याच विश्वनाथानें दिलेली यादी उघडून पाहावी. उपनायकाच्या ठिकाणीं असलेली रति, मुनीच्या वा गुरूच्या पत्नीविषयींची रति, अनेक नायकांविषयींची रति, दोघांपैकीं एकाच्याच ठायीं असलेली रति, प्रतिनायकाची रति, आणि अधम पात्रें व पशुपक्षी यांची रति, एवढे प्रकार तो मोजतो. दोन पुरुषांचें परस्पर-प्रेम या यादींत नाहीं. तें त्याला मान्य होतें असें मी म्हणत नाहीं. त्याच्या मनांत तो विचारच आला नसेल. पण एकतर्फी रतीला तो आभास म्हणतो याचा अर्थ असा कीं, उभयनिष्ठता ही त्याची एक कसोटी आहे. त्या कसोटीवर परस्परांसाठीं झुरणारे दोन तरुण उतरतात आणि आपल्या चित्रपटांतील, मुलीच्या मागें मागें शीळ घालीत फिरणारा नायक नापास होतो. बाकी राहिलें औचित्य. आणि औचित्य हें लोकव्यवहारावर अवलंबून असतें हें भरतापासून सर्वांस ठाऊक आहे. लोकव्यवहार बदलतो. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वें कलम प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरतें सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं निष्प्रभ केलें. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें नाकारला. थायलंडांत तो कायदा २३ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला. मालिका आधीं आल्या, कायदा मागाहून.

मराठी रसिकाला हें दृश्य नवखें आहे काय, हा दुसरा प्रश्न. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें तेव्हांपासून पुढें कित्येक दशकें मराठी रंगभूमीवरील बहुतेक प्रेमप्रसंग दोन पुरुषांनींच केले. सुभद्राहि पुरुष, अर्जुनहि पुरुष. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले या नांवांभोंवतीं आमच्या आजोबांच्या पिढीच्या सगळ्या हळव्या आठवणी गुंफलेल्या होत्या. नाट्यमन्वंतराच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकानें १ जुलै १९३३ रोजीं स्त्रीपात्रें स्त्रियांनीं करण्याच्या प्रथेला जो जोर दिला त्यानंतर ही रीत मावळत गेली. हें प्रेम कथेंत स्त्रीपुरुषांचेंच होतें, हें विसरून चालणार नाहीं. बालगंधर्वांची भामिनी पाहणाऱ्या प्रेक्षकाला आपण दोन पुरुषांची प्रेमकथा पाहत आहों असें वाटत नव्हतें, आणि आज तसें त्याच्यावर लादणें अन्यायाचें होईल. पण त्याला तें ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. हस्तपत्रकांत नारायणराव राजहंस हें नांव छापलेलें असे. जाणणें आणि विसरणें या दोहोंच्या मधल्या जागेंत तो तीन-चार तास सुखानें बसून राही.

या जागेचें सर्वांत उत्कट उदाहरण म्हणजे ‘संयुक्त मानापमान’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळीनें १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस प्रथम रंगभूमीवर आणलें. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली आणि तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. १९१३ सालीं त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. तिकडे केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श १९०८ पासून चालू होती. दोन्ही मंडळ्यांत चुरस होती, दोहोंच्या भक्तांत तर हमरीतुमरीच होई. लोकमान्यांच्या निधनानंतर टिळक स्वराज्य फंडासाठीं दोघांनीं एकत्र यावें असें ठरलें आणि ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत हा प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व.

नाटकाचें कथानक आठवावें. भामिनी श्रीमंत, धैर्यधर दरिद्री पण शूर. ती त्याच्या दारिद्र्याचा अपमान करिते. मग त्याचें मोठेपण कळल्यावर वनमाला या नांवानें साधी मुलगी होऊन त्याच्या सहवासांत येते. धैर्यधर भामिनीचा तिरस्कार करतो आणि वनमालेवर जीव टाकतो. म्हणजे पुरुषानें स्त्रीचें सोंग घ्यावें, त्या स्त्रीनें दुसऱ्या स्त्रीचें सोंग घ्यावें, आणि समोरच्यानें सोंगावर प्रेम करून खरीला झिडकारावें. गुपित प्रेक्षकाला ठाऊक, नायकाला नाहीं. वर ज्याला पूर्वराग म्हटलें त्याला येथें मानाची जोड मिळाली आहे, आणि दोन्ही गाण्यांच्या बळावर लांबविले आहेत. आणखी एक गंमत सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. त्या रात्रीचा धैर्यधर हा स्वतः एके काळचा गाजलेला नायिका होता. लहानपणीं स्वदेशहितचिंतक मंडळींत केशवरावांनीं देवलांची शारदा करून नांव मिळविलें होतें. तेव्हां एक शारदा आणि एक शकुंतला त्या रात्रीं एकमेकांसमोर उभ्या होत्या, एक तलवार लावून आणि एक शालू नेसून. दोघेहि तिशीच्या आसपासचे, दोघेहि आपापल्या कलेच्या ऐन भरांत, दोघेहि प्रतिस्पर्धी. कथेंतील मान आणि कथेबाहेरचा मान एकाच स्वरांत मिसळला. ईर्ष्येनें गावें आणि तरी समोरच्याची तान संपेपर्यंत आपली रोखून धरावी, हा त्या रात्रीचा खरा शृंगार असावा असें मला वाटतें.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव विषमज्वरानें गेले. वय अवघें एकतीस. ज्यांनीं तो प्रयोग पाहिला त्यांना तो पुन्हां पाहतां येणार नव्हता. ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांना तो कानीं पडला, आणि पडतच राहिला. वियोगानें स्मृति कशी पक्की होते याचें याहून ढळढळीत उदाहरण मराठी नाट्येतिहासांत मला सांपडत नाहीं. २०२५ च्या जानेवारींत ‘संगीत मानापमान’ या नांवाचा चित्रपट निघाला. त्यांत भामिनी अर्थातच स्त्री आहे. तो पाहतांना माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ सबंध वेळ आपल्या वडिलांनीं सांगितलेल्या बालगंधर्वांबद्दलच कुजबुजत होते. असो.

रंगभूमीबाहेर, आणि पडद्याआड न राहतां, हें प्रेम मराठवाड्यांत फार पूर्वीं बोलूनहि दाखविलें गेलें आहे. भाषा मात्र मराठी नव्हती. औरंगाबादचा (आजच्या छत्रपती संभाजीनगरचा) सिराज हा अठराव्या शतकांतील दखनी-उर्दूचा थोर कवि. किशोरवयांत वेड लागल्यासारखा तो खुलदाबादेस बुऱ्हानुद्दीन गरीबांच्या दर्ग्याभोंवतीं भटकत असे. पुढें तो चिश्ती परंपरेंत शिरला आणि गुरूच्या आज्ञेनें त्यानें काव्य बाजूला ठेविलें असें चरित्रकार सांगतात. तरी हिजरी ११६० मध्यें, म्हणजे इसवी १७४७ च्या सुमारास, त्यानें ‘बोस्तान-ए-खयाल’ ही दीर्घ मसनवी लिहिली. तिच्यांत तो आपल्या प्रेमाची हकीगत स्वतःच्या तोंडून सांगतो, आणि प्रेमविषय पुरुष आहे. सूफी संप्रदायांत मानवी प्रेम हें ईश्वरी प्रेमाचें सोपान मानण्याची वहिवाट असल्यामुळें ही हकीगत गूढार्थानें वाचतां येते. पण सबंध गूढार्थानेंच वाचावी असा आग्रह धरणाऱ्यांना त्यांतील विरहाचा दाह सोसवत नसावा, असें म्हणावेसें वाटतें. ज्या प्रदेशांत हें लिहिलें गेलें त्याच प्रदेशांत, चारठाण्यासारख्या गांवीं, आज एखाद्या मुलाला आवाज बंद करून मालिका पाहावी लागते. अडीचशें-पावणेतीनशें वर्षांत आपण पुढें आलों कीं मागें गेलों, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

मराठी नाटकानें या विषयाला नव्यानें हात घातला तो १९७९ सालीं. सतीश आळेकरांचें ‘बेगम बर्वे’ हें थिएटर अकादमीचें नाटक. बर्वे हा जुन्या संगीत नाटकांतला किरकोळ स्त्रीपार्टी नट. आतां उदबत्त्या विकून पोट भरणारा आणि शामरावाचा मार खाणारा. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून. जावडेकर बर्व्याला आपल्या कचेरींतील नलावडेबाई समजतो, लग्न लावतो, डोहाळजेवणापर्यंत गोष्ट जाते. सारें स्वप्नांत, आणि शेवटीं सारें मोडून पडतें. चंद्रकांत काळे यांनीं साकारलेला बर्वे ज्यांनीं पाहिला ते त्याला विसरलेले नाहींत. हें प्रेम भ्रमांतलें आहे, विश्वनाथाच्या यादींत तें कोठें बसवावें हें मला सुचत नाहीं. पण बालगंधर्वांच्या काळीं प्रेक्षकांनीं जाणून-विसरून जें सुख घेतलें त्याचें देणें जणूं या एका फाटक्या नटाच्या अंगावर येऊन पडलें आहे, असें तें नाटक पाहतांना वाटल्यावांचून राहत नाहीं. दोन वर्षांनीं, १९८१ त, तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ आलें. तेथें स्त्रीचें स्त्रीवर प्रेम आहे, सांगणारा तिचा मित्र आहे, आणि शेवट मृत्यूचा आहे. नाटक धीट खरें. तथापि अशा प्रेमाच्या नशिबीं मरणच लिहावें ही लेखकांची खोड जगभर होती, आणि तेंडुलकरहि तिच्यांतून सुटले नाहींत, असें माझें मत आहे. आम्ही कॉलेजांत अ‍ॅरिस्टॉटल शिकलों, आणि तेव्हांपासून सुखान्त दिसला कीं आम्हांस तो पोरकट वाटूं लागतो. शाकुंतल सुखान्त आहे, उत्तररामचरित सुखान्त आहे, हें आम्ही परीक्षेपुरतें लक्षांत ठेवितों. मधल्या अंकांत वियोगानें होरपळून काढावें आणि अखेरीस मीलन घडवावें, ही जुनी संस्कृत रीत. थाई मालिका नकळत त्याच वाटेनें जातात. त्यांचे शेवट गोड असतात म्हणून त्या उथळ, हा आक्षेप मला मान्य नाहीं. ज्या प्रेक्षकानें अशा प्रेमाचा गोड शेवट आयुष्यांत कधींच पाहिलेला नसतो त्याला तो शेवट उथळ वाटत नाहीं; त्याच्या दृष्टीनें तीच सर्वांत मोठी कल्पनाभरारी असते.

याउलट जेथें बोलण्यासच बंदी तेथें काय होतें याचा दाखला चीननें दिला. २०१९ सालची ‘द अनटेम्ड’ ही मालिका ज्या कादंबरीवरून घेतली तींत दोन पुरुषांचें प्रेम स्पष्ट आहे. पडद्यावर तें स्नेहाच्या नांवाखालीं दडवावें लागलें. एकाचा मृत्यु होतो, सोळा वर्षांनीं तो दुसऱ्या रूपानें परततो, आणि त्यानें बांसरीवर वाजविलेल्या एका सुरावटीवरून मित्र त्याला ओळखतो. प्रेम हा शब्दहि न उच्चारतां हा प्रसंग जें सांगतो तें शब्दांनीं झालें असतें काय, याची शंका वाटते. शाकुंतलांत ओळख अंगठीनें पटते, येथें सुरानें. म्हणून बंदी चांगली असें अनुमान मात्र कोणीं काढूं नये. केशवरावांचा मृत्यु आठवणीला पोषक ठरला म्हणून तो इष्ट ठरत नाहीं.

आतां राहिली ती या विषयावरची, माझ्या मतें, मराठींतील सर्वांत टिकाऊ कृति: सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (मौज, २००६). पुण्यांतील एका मध्यमवर्गीय घरीं एक तरुण भाडेकरू राहावयास येतो. त्या घरांतील मुलगा तनय त्याच्यावर प्रेम करूं लागतो, बहीण अनुजाहि करूं लागते, आणि दोघांना एकमेकांचें ठाऊक नसतें. एके दिवशीं अनुजा त्या तरुणाबरोबर निघून जाते. कादंबरीचे दोन भाग. पहिला तनयच्या तोंडून, दुसरा अनुजाच्या. भाडेकरूला शेवटपर्यंत नांव नाहीं.

कथानक इतकेंच. पण ती वाचून वीस वर्षें होत आलीं तरी एक गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं. अनुजा गेल्यावर घर हादरतें, धावपळ होते. ती परत आल्यावर तिला सांभाळतात, तिची काळजी वाहतात, तिच्यावर रागावतात. दुःख करण्याचा, निदान दुःखी दिसण्याचा, अधिकार तिला आहे. तनयचा प्रियकर त्याच क्षणीं, त्याच दारांतून गेलेला आहे. आणि त्याला त्याच घरांत जेवावयास बसावें लागतें, बहिणीबद्दलच्या चर्चेंत भाग घ्यावा लागतो. एकाच माणसासाठीं दोन भावंडें झुरतात आणि घराला फक्त एकाचें झुरणें दिसतें. विप्रलंभाच्या चार प्रकारांत या प्रकाराला नांव नाहीं. विरहिणीला निदान सखी असे, तिच्यापाशीं बोलतां येई; येथें सखी आहे ती वाचक. तनय सबंध भागभर त्या निघून गेलेल्या माणसाशींच बोलतो, “तू” म्हणून, आणि तें बोलणें आपल्या कानांवर पडतें. चारठाण्याच्या त्या मुलाला वाढलेल्या पानाची आठवण कां राहिली हें मला ही कादंबरी पुन्हां वाचतांना कळलें. प्रेम मिळावें ही इच्छा सर्वांचीच. पण तें घरानें पाहावें, पाहून कांहीं न विचारतां ताट मांडावें, ही भूक ज्याची त्यालाच ठाऊक.

जेरी पिंटो यांनीं २०१३ सालीं या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला, आणि एप्रिल २०२२ मध्यें तिचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. चित्रपट सुंदर दिसतो. निळा रंग त्यांत मुबलक आहे. परंतु कथा पुण्याहून उचलून केरळांत फोर्ट कोचीला नेली आहे आणि पात्रें हिंदी-इंग्रजी बोलतात. समुद्र आला, जुनीं वसाहती घरें आलीं, आणि ज्या मराठी घरांत आवाज न चढवितां, भाजी वाढतां वाढतां, सगळें कांहीं न बोलण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली तें घर मागें राहिलें. समुद्राकांठीं माणूस मोकळेपणीं रडूं शकतो. तनयला ती सोय नव्हती, आणि कादंबरीचा सारा भार त्या सोय नसण्यावर उभा होता.